चालतंय, पण मार्चपर्यंत

एका जाणत्या अभियंत्यांनी साखर कारखान्यांतल्या तंत्रज्ञांसाठी लिहिलेलं एक टिपण गेल्या हंगामात माझ्या हाती आलं. चार पानांचं आहे, भाषा खणखणीत आहे आणि वाचणाऱ्याला जे ऐकायचं असतं तेच सांगणारं आहे. त्यामुळे झेरॉक्सची झेरॉक्स होत ते बऱ्याच पॅनेल रूमच्या भिंतींवर जाऊन चिकटलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. इथरनेटच्या तांब्याच्या केबलला शंभर मीटरची मर्यादा हे पुस्तकी खूळ आहे. आपल्याकडे सव्वाशे-दीडशे मीटरची केबल वर्षानुवर्षं चालते. त्याहून लांब जायचं तर मध्ये एक स्विच ठोकावा. फायबर ही विकणाऱ्यांनी गळ्यात मारलेली चैन आहे, आणि तालुक्याच्या गावात ती तुटली तर जोडणारा मिळत नाही. शेवटी जाता जाता ते असंही म्हणतात की दोन-चार वर्षांत सगळं वायरलेस होणार, तेव्हा केबलवर डोकं कशाला तापवायचं.

लेखकांचं नाव मी घेत नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं माझे मित्र आहेत आणि टर्बाइनबद्दल ते बोलायला लागले की मीही वही काढून बसतो. पण गेली बावीस वर्षं मी कारखान्यांमध्ये केबल टाकणं, तपासणं आणि इतरांनी टाकलेली उपसणं एवढंच करतो आहे, आणि उपसण्याच्या कामात त्या टिपणाचा वाटा आता वाढायला लागला आहे. टिपणातला प्रत्येक अनुभव खरा आहे, हे आधी मान्य करतो. त्यांची दीडशे मीटरची केबल चालते यावर माझा विश्वास आहे. माझा झगडा 'चालते' या क्रियापदाशी आहे. कोणत्या महिन्यात चालते? किती वाजता? तिच्यावरून काय जात असतं तेव्हा?

टिपणाचा पहिला आधार ऐतिहासिक आहे. शंभर मीटर हा आकडा हबच्या जमान्यातला, असं ते सांगतात. दोन यंत्रं एकदम बोलली तर टक्कर व्हायची, टक्कर झाल्याचं ठरावीक वेळेत कळायला हवं, म्हणून लांबीला लगाम होता. आता स्विच आले, टक्कर संपली, लगामही गळून पडला. ऐकायला बिनतोड वाटतं. टकरीचा हिशोब खरोखरच होता, पण तो सगळ्या जाळ्याच्या पसाऱ्याचा होता, केबलच्या एका तुकड्याचा नव्हता. त्याच १० मेगाबिटच्या जमान्यात जाड कोअ‍ॅक्स केबलचा एक तुकडा ५०० मीटर जायचा आणि रिपीटर लावत लावत सगळं जाळं अडीच किलोमीटरपर्यंत पसरायचं. टकरीनं शंभर मीटर ठरवले असते तर हे पाचशे आले कुठून? १९९० साली पीळ दिलेल्या बारीक जोडीवरचं प्रमाण आलं, तेव्हा त्या तारेचा दम बघून शंभर हा आकडा धरला गेला. स्विच आल्यानं तारेचा दम वाढलेला नाही.

हा दम किती, तेही बघू. कॅट ५ई केबलच्या १०० मीटरच्या जोडणीत १०० मेगाहर्ट्झला २४ डेसिबलपर्यंतची घट प्रमाणात बसते. म्हणजे या टोकाला घातलेल्या शक्तीचा साधारण अडीचशेवा भाग पलीकडे पोचतो. गिगाबिटमध्ये तर चारही जोड्यांवरून दोन्ही बाजू एकाच वेळी बोलत असतात. गव्हाणीशेजारी उभं राहून आपण स्वतः ओरडत असताना पलीकडच्याची कुजबुज ऐकायची, आणि ऐकताना त्यातून स्वतःचा आवाज वजा करायचा, असं ते काम आहे. पोर्टमधली चिप ते करते. इतकं बेमालूम करते की आपल्याला वाटतं, केबलमध्ये अजून बराच जीव शिल्लक आहे.

आणि शंभरातलेही सगळे आपले नसतात. ९० मीटर पक्क्या बसवलेल्या केबलचे, उरलेले १० दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे. पॅच कॉर्डची तार अनेक पदरी असते, तिच्यात घट जास्त, म्हणून तिला थोडकीच जागा दिलेली आहे. त्यातले ९० हे २० अंश सेल्सियसचे. ही ओळ टिपणात कुठेही नाही, आणि माझ्या मते सगळं भांडण या एका ओळीत आहे. तांबं तापलं की घट वाढते. केबलिंगच्या प्रमाणातच कोष्टक दिलेलं आहे: विनाशील्ड केबलला ४० अंशांवर ८४ मीटर, ५० अंशांवर साडेएकोणऐंशी, ६० अंशांवर ७५. हे खोलीचं तापमान धरायचं नसतं, केबल जिथून जाते तिथलं धरायचं असतं. आपल्याकडे ती पत्र्याच्या छपराखालच्या ट्रेमधून जाते, बऱ्याचदा बॉयलरच्या अंगानं.

एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. केन कॅरिअरचे ड्राइव्ह नवे बसवले, पीएलसीपासून त्यांच्यापर्यंत इथरनेट केबल ओढली. ऑक्टोबरात चाचणी झाली. नोव्हेंबरात मोळी पडली, चेअरमनसाहेबांनी नारळ फोडला, सगळं झकास. डिसेंबर, जानेवारी गेले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी अडीचच्या सुमाराला कॅरिअर थांबला. ड्राइव्हच्या पडद्यावर 'कम्युनिकेशन फॉल्ट'. रीसेट केला, चालू झाला, वीस मिनिटांनी पुन्हा थांबला. कॅरिअर थांबला की मिल उपाशी, मिल उपाशी की रस नाही, आणि गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्याला लागते. पाचनंतर मात्र गप्प. रात्रपाळीला एकही तक्रार नाही.

हे पंधरा दिवस चाललं. ड्राइव्हचं कार्ड बदललं, मग अख्खा ड्राइव्ह बदलला, मग पीएलसीचा पुरवठादार आणि ड्राइव्हचा पुरवठादार एकमेकांना पत्रं लिहायला लागले. दिवसपाळीचा वायरमन कामात कच्चा आहे असंही कुणीतरी ठरवून टाकलं. मला बोलावलं तेव्हा मी आधी केबलची लांबी मोजली. ११७ मीटर. मग ट्रेच्या शिडीवर चढलो. दुपारचे तीन वाजले होते, बॉयलरच्या बाजूच्या पट्ट्यात ट्रेच्या पत्र्यावर हात ठेववत नव्हता. ती केबल डिसेंबरात चालत होती, ती नवी होती म्हणून नव्हे; गार होती म्हणून. वायरमनचा दोष इतकाच की त्याची पाळी दुपारची होती.

इथे टिपणकार म्हणतील, आमच्या ऑफिसातली सव्वाशे मीटरची केबल मे महिन्यातही चालते. चालत असणार. ऑफिसात एखादं पॅकेट हरवलं तर संगणक ते गुपचूप पुन्हा मागून घेतो. बिलाचा पडदा अर्धा सेकंद उशिरा उघडतो आणि कॅशिअर तेवढ्यात चहाचा घोट घेतो. ड्राइव्ह चहा पीत नाही. प्रोफिनेटसारख्या पद्धतीत कंट्रोलर आणि ड्राइव्ह ठरल्या वेळी एकमेकांना हाक देत राहतात. सर्वसाधारण सेटिंगमध्ये लागोपाठ तीन हाका चुकल्या की समोरचा गेला असं धरतात आणि यंत्र सुरक्षित अवस्थेत, म्हणजे बहुधा बंद अवस्थेत, जातं. दर दोन मिलिसेकंदांना हाक असेल तर हा सगळा धीर सहा मिलिसेकंदांचा. एकच केबल, तेवढ्याच चुका. ऑफिसात कुणाला पत्ता लागत नाही आणि गव्हाणीवर गाळप थांबतं. म्हणून ऑफिसचा दाखला कारखान्याला लावू नये. पोर्टवरचा हिरवा दिवा दाखवून 'लिंक आहे की' म्हणणाऱ्यांना तर मी हात जोडतो. तो दिवा दोन्ही बाजू एकमेकांना ओळखतात एवढंच सांगतो. नीट ऐकू येतं का, हे सांगायला टेस्टर लागतो आणि टेस्टरचं भाडं द्यायला कुणी तयार नसतं.

जाता जाता केबलच्या धातूबद्दल. बाजारात कॅट ५ई, कॅट ६ असं छापलेली, अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते. अ‍ॅल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या साधारण साठ टक्के. केबलिंगच्या प्रमाणात तिला जागाच नाही. लोहचुंबक लावून कळत नाही, कारण दोन्ही धातू चुंबकाला दाद देत नाहीत. ब्लेडनं तार खरवडा, आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर गुंडाळून परत पाठवा. टिपणात 'कोणतीही चांगली लोकल केबल चालेल' असं वाक्य आहे. त्यातल्या 'चांगली' या शब्दावर बरंच ओझं टाकलेलं आहे.

टिपणातला सगळ्यात हुशार मुद्दा मात्र मॉडबसचा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ते विचारतात, आपल्या जुन्या आरएस-४८५ च्या लाइनी याच जाडीच्या तारेवर बाराशे मीटर जात होत्या, मग इथरनेटलाच काय झालं? बरोबर आहे, जात होत्या. मी स्वतः ओढल्यात. पण कोणत्या वेगाला? प्रोफिबस त्याच आरएस-४८५ वर चालतं. त्याचं कोष्टक बघा. सेकंदाला ९३.७५ किलोबिट वेग ठेवला तर १२०० मीटर. तीच केबल, तीच पद्धत, वेग १२ मेगाबिट केला की लांबी १०० मीटर. वेग वाढवला की पल्ला आखडतो. बैलगाडीचा रस्ता आणि मोटारीचा रस्ता यांची वळणं सारखी ठेवता येत नाहीत. बाराशे मीटरचा दाखला देऊन दीडशे मीटरचं गिगाबिट मागणं म्हणजे बैलगाडीच्या वळणावर साठच्या वेगानं घुसणं.

याच संदर्भात टिपणकारांना माहीत नसलेला, पण त्यांच्या बाजूचा वाटेल असा एक दाखला मीच देतो. २०१९ मध्ये आलेल्या प्रमाणानं एकाच पीळजोडीवरून १००० मीटरपर्यंत इथरनेट नेता येतं. त्याच्यावर बेतलेली इथरनेट-एपीएल ही व्यवस्था २०२१ पासून प्रक्रिया उद्योगांसाठी आहे. डिस्टिलरीसारख्या ज्वालाग्राही जागेतल्या उपकरणांपर्यंत तीच तार वीजही पोचवते. तांबं किलोमीटरभर जाऊ शकतं, हे मी आनंदानं मान्य करतो. मात्र ज्यांना किलोमीटर हवा होता त्यांनी काय केलं ते बघा. त्यांनी जुनी केबल ताणली नाही. वेग १० मेगाबिटवर आणला, सिग्नल पाठवायची पद्धत नव्यानं लिहिली, कोणती केबल चालेल ते ठरवून दिलं. दहापट अंतरासाठी गिगाबिटच्या शंभराव्या भागाएवढा वेग पत्करला. यातला कोणताही सौदा न करता पन्नास मीटर जास्त फुकट मिळतील, असं टिपण सांगतं.

आता मधल्या स्विचकडे येऊ. शंभर मीटरवर एक स्विच, पुढे पुन्हा शंभर मीटर. कागदावर यात चूक काही नाही. पण साखर कारखान्याचं अंगण डोळ्यांसमोर आणा. गेटवर काटा, तिथून तीनशे-चारशे मीटरवर शेती विभाग आणि हिशेबाचं ऑफिस, पलीकडे मिल, बॉयलर, बॉयलिंग हाउस, को-जनरेशन; डिस्टिलरी सुरक्षिततेसाठी मुद्दाम लांब. काट्यापर्यंत जायला तीन तरी स्विच वाटेत लागणार. ते कशात बसवणार? खांबावरच्या पत्र्याच्या डब्यात. त्यांना वीज कुठून देणार? खांबावरच्या दिव्याच्या लाइनीतून, कारण तीच जवळ असते.

हे मी कल्पनेनं लिहीत नाही. एका कारखान्यात काट्याचा संगणक रोज सकाळी पावणेसात-सातला मेन ऑफिसपासून तुटायचा आणि संध्याकाळी आपोआप जोडला जायचा. महिनाभर सॉफ्टवेअरवाल्यांना शिव्या खाव्या लागल्या. शेवटी लक्षात आलं, वॉचमन उजाडलं की रस्त्यावरचे दिवे बंद करतो. बिचारा वीज वाचवत होता.

यात हसण्यासारखं काही नाही, कारण बाकी काहीही बंद पडलेलं कारखान्याला परवडतं, काटा परवडत नाही. काटामारीचा संशय उसाइतकाच जुना आहे. शेतकरी गाडी घेऊन काट्यावर उभा असतो, पडद्यावर आकडा दिसतो, तोच आकडा ऑफिसच्या नोंदीत त्याच क्षणी पडला पाहिजे. जोडणी तुटली की वजन हातानं लिहायची पाळी येते, आणि हातानं लिहिलेल्या वजनावर विश्वास ठेवा असं कुठल्या तोंडानं सांगणार? दोन हजार रुपयांच्या स्विचसाठी पन्नास वर्षांचा संशय पुन्हा उकरून काढायचा!

घरगुती स्विच शून्य ते चाळीस अंशांसाठी बनवलेला असतो. उन्हातल्या पत्र्याच्या डब्यात चाळीस अंश सकाळी दहालाच होतात. औद्योगिक स्विच पंच्याहत्तर अंशांपर्यंत टिकतात, दोन वेगवेगळ्या २४ व्होल्टच्या पुरवठ्यांवर चालतात, पण त्यांची किंमत बघितली की टिपणातल्या 'एक स्विच ठोकावा'मधला ठोकण्याचा सहजपणा निघून जातो. वाटेतला प्रत्येक स्विच म्हणजे एक डबा, एक वीजपुरवठा, एक कुलूप आणि त्याची किल्ली हरवणारा एक माणूस. फायबरच्या वाटेत यातलं काहीच नसतं.

आणि आता तो मुद्दा, ज्याच्याबद्दल टिपणात एक अक्षरही नाही: अर्थिंग.

काट्याच्या खोलीचा अर्थ पिट वेगळा, ऑफिसचा वेगळा. एरवी दोन्ही जमिनी सारख्याच वाटतात. वीज पडली की सारख्या राहत नाहीत. हिशोब शाळेतल्या ओहमच्या नियमाचा आहे. अर्थ पिट अगदी उत्तम, एक ओहमचा धरा. त्यात ३० हजार अँपिअरचा प्रवाह उतरला, जो विजेच्या लोळाला मुळीच अवाजवी नाही, तर त्या इमारतीची जमीन शेजारच्या इमारतीपेक्षा क्षणभर ३० हजार व्होल्टनं वर जाते. दोन्ही इमारतींना जोडणारी तांब्याची केबल हा फरक मिटवायला धावते. इथरनेट पोर्टमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची परीक्षा १५०० व्होल्टला झालेली असते. पुढे काय होतं ते मे-जूनच्या वळवाच्या पहिल्या गडगडाटानंतर कुठल्याही कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात विचारा. टेबलावर जळलेल्या पोर्टांचे स्विच मांडून ठेवलेले असतात. विजेनं थेट केबलवर पडायची गरज नाही, शेजारच्या चिमणीवर पडली तरी पुरतं.

यावर टिपणाच्या समर्थकांचं ठरलेलं उत्तर असतं: शील्डेड केबल वापरू. शील्डची दोन्ही टोकं अर्थ केली तर एरवीही दोन अर्थमधला फरक त्या शील्डवरून वाहत बसतो. मोठी मोटर सुरू झाली, कुठे अर्थ फॉल्ट झाला, की शील्ड हीच त्या करंटची वाट. एकच टोक अर्थ केलं तर हा प्रवाह थांबतो, पण उच्च वारंवारतेचा गोंगाट थोपवायला शील्ड अधू होते. सर्ज प्रोटेक्टर लावता येतात, दोन्ही टोकांना, चांगल्या प्रतीचे, आणि दर पावसाळ्याआधी तपासायला हवेत. दर पावसाळ्याआधी ते कोण तपासणार, याची कल्पना टिपणकारांना माझ्यापेक्षा जास्त असेल. दोन इमारतींमधून तांबं नेऊच नये. एका छताखाली, एका अर्थवर, ९० मीटरच्या आत तांबं राजा आहे. इमारतीचा उंबरठा ओलांडला की काच.

काच नाजूक असते, हा टिपणाचा पुढचा मुद्दा. केसाएवढी काच नाजूक असतेच, पण ती नागडी कोण टाकतं? शेताच्या कडेनं घुशी आणि उंदीर आहेत म्हणून नालीदार स्टीलचं चिलखत घातलेली फायबर केबल मिळते, ती एचडीपीई पाइपमधून नेतात. एक सावधगिरी मात्र मी टिपणकारांच्या वतीनं सांगतो, कारण फायबरचे भक्त ती विसरतात. चिलखत पोलादाचं आहे, म्हणजे ज्या विजेपासून पळायला काच टाकली त्याच विजेची वाट आपण पुन्हा जमिनीत पुरली. ते पोलाद दोन्ही टोकांना पॅनेलपर्यंत आणून ठेवलं तर सगळं मुसळ केरात. इमारतीत शिरतानाच ते कापून नीट वेगळं ठेवावं, नाहीतर काचेच्या धाग्यांचं, धातूविरहित चिलखत असलेली केबल घ्यावी. उंदीर तिलाही बिचकतात.

जोडणारा मिळत नाही, हे दहा-पंधरा वर्षांपूर्वी खरं होतं. मी स्वतः पुण्याहून माणूस येईपर्यंत दोन दिवस थांबलेलो आहे. पण २०११ साली केंद्रानं ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, आज आपण तिला भारतनेट म्हणतो, आणि त्याच्या बरोबरीनं केबल टीव्हीवाल्यांनी ब्रॉडबँड घरोघर नेलं. आज तालुक्याच्या स्टँडसमोर वडापाव खाणाऱ्या पोरांपैकी एखाद्याच्या बॅगेत स्प्लायसिंग मशीन असतं. खांबाला शिडी लावून, गुडघ्यावर मशीन ठेवून तो दहा मिनिटांत दोन टोकं अशी वितळवून जोडतो की तिथली घट बहुधा डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. उलट नेमून दिलेल्या पद्धतीनं आठ तारांचा जॅक क्रिंप करणारा माणूस शोधायला मला जास्त वेळ लागतो. जोड्यांचा पीळ इंचभर उलगडून ठेवणारेच फार.

तरीही या मुद्द्यात थोडं तथ्य उरतं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये स्वच्छ करायचं पेन आणि दोन-चार जादा पॅच कॉर्ड नसतील, टोकांवरच्या टोप्या काढून फेकून दिल्या असतील, तर फायबर दगा देते. बगॅसची धूळ कनेक्टरच्या तोंडावर बसली की प्रकाश अडतो. सहा कोअरऐवजी बारा-चोवीस कोअरची केबल टाका, निम्मे कोअर राखीव ठेवा. केबलच्या दरातला फरक चर खोदण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. चर एकदाच खोदला जातो. त्यात स्वस्तातली केबल टाकणं म्हणजे विहीर खणून तिच्यात घागरच सोडायची नाही.

आणि मल्टिमोड घेऊ नका. हे मी टिपणकारांना नव्हे, माझ्याच धंद्यातल्या लोकांना सांगतो आहे. जुन्या ६२.५ मायक्रॉनच्या फायबरवरून १०० मेगाबिट दोन किलोमीटर जायचे. त्याच काचेवर गिगाबिट आलं तेव्हा पल्ला पावणेतीनशे मीटरपर्यंत आखडला, दहा गिगाबिटला तो जेमतेम तीस-तेहतीस मीटर उरतो. वेगाची भूक वाढली की अंतर कसं चावून खाते, हे तांब्याइतकंच इथेही दिसतं. सिंगलमोडला दोन्ही वेगांत दहा किलोमीटरचे मोड्यूल सहज मिळतात. कारखाना तीस वर्षं चालायचा आहे. काच तीच राहील, टोकांची मोड्यूलं बदलता येतील.

रिंगबद्दल टिपण एका वाक्यात कौतुक करतं: केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूनं निरोप जातो. तत्त्व बिनचूक. रिंग सावरायच्या एमआरपी नावाच्या पद्धतीनं पन्नास उपकरणांपर्यंतची रिंग २०० मिलिसेकंदांच्या आत सावरते. मात्र ड्राइव्हचा धीर त्याहून मोठा ठेवावा लागतो, नाहीतर रिंग सावरते आणि कॅरिअर तरी थांबतोच. पण मी पाहिलेल्या रिंगांपैकी बऱ्याच कागदावर वर्तुळ आणि जमिनीत रेघ असतात. जाणारी आणि येणारी केबल एकाच चरात, बऱ्याचदा एकाच पाइपमध्ये, कारण दुसऱ्या बाजूनं खोदायचं तर स्प्रे पाँडला वळसा पडतो. मग एका रविवारी गटाराच्या कामाला जेसीबी येतो आणि एका दातात दोन्ही वाटा उचलतो. दुरुस्तीला गेलो की मॅनेजर विचारतात, रिंगसाठी पैसे दिले होते ना? दिले होते. स्विच दुप्पट घेतले, चर एकच घेतला.

वायरलेसच्या परिच्छेदाला मी जास्त जागा देत नाही. फिरत्या क्रेनला, लांबच्या पाण्याच्या टाकीला, दोन महिन्यांच्या तात्पुरत्या सोयीला ते जरूर वापरावं, मीही वापरतो. पण गेटवरच्या काट्यासमोर हंगामात काय उभं असतं? शिगोशीग भरलेल्या उसाच्या गाड्या, एकामागे एक, अँटेनाच्या उंचीला भिडलेल्या. शिवाय दोन्ही टोकांना वीज आणि अर्थिंग तीच लागते, म्हणजे वर मांडलेले निम्मे प्रश्न जिथल्या तिथे. आणि ज्या स्विचला ते अँटेना जोडतात तो शेवटी कुठल्या केबलवर असतो?

टिपणाच्या तळाशी लेखकांनी आव्हान दिलं आहे: माझी १४० मीटरची केबल कुणीही येऊन तपासावी. मी ते घेतो. अट एवढीच की दिवस मी निवडणार. मार्चचा तिसरा आठवडा, बॉयलर पूर्ण भारावर, दुपारी तीन वाजता. टेस्टर माझा, भाडं माझं, आणि ट्रेच्या शिडीवर आम्ही दोघंही चढायचं. कॅरिअरच्या ड्राइव्हवर त्या वेळी जो वायरमन असेल, त्याच्या समोर निकालाचा कागद छापायचा आणि टिपणाशेजारी त्याच भिंतीवर चिकटवायचा.